संस्काराचा प्रश्न मांडवात आहे, रजिस्टर लग्नात नाही

प्रति,
महाराष्ट्रातील कीर्तनकार, प्रवचनकार, मठाधिपती आणि सर्व धर्मांचे गुरुजन यांस,

सादर प्रणाम.

समलिंगी विवाहाच्या कायदेशीर मान्यतेचा विषय न्यायालयापुरता आता मिटला आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सुप्रियो खटल्याचा निकाल दिला. विवाह करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा न्यायालयाला नव्याने लिहिता येणार नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला काही वेगळी कायदेशीर मान्यता द्यावी का आणि त्यांना मिळून मूल दत्तक घेता यावे का, या प्रश्नांवर मात्र तीन विरुद्ध दोन अशी विभागणी झाली. त्या निकालाविरुद्धच्या पुनर्विचार याचिकाही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. विवाह हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत असल्यामुळे यापुढे जे काही व्हायचे ते संसदेत किंवा राज्याच्या विधिमंडळात होईल. लोकप्रतिनिधी मतदारांचा कल पाहतात आणि आपल्या राज्यातील मतदारांचा मोठा भाग सप्ताहात, प्रवचनात, रविवारच्या मिस्सेत किंवा शुक्रवारच्या खुतब्यात आपले ऐकत बसलेला असतो. म्हणून हे पत्र कायदामंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

मी वारकरी घरातली असून कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. आपण शास्त्राचा अर्थ बदलावा, असे मागणे या पत्रात नाही. ज्याला आपण संस्कार म्हणता त्याला नेमका धक्का कोठे बसतो आहे, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आपण त्याचा शोध चुकीच्या ठिकाणी घेत आहात.

आपल्या बाजूचा मुख्य आक्षेप सर्वांना ठाऊक आहे. मार्च २०२३ मध्ये पानिपतजवळ झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या बैठकीनंतर सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी तो थोडक्यात मांडला होता: हिंदू जीवनपद्धतीत विवाह हा संस्कार आहे, तो करार नव्हे किंवा केवळ उपभोगाची सोयही नव्हे, आणि तो स्त्री-पुरुषांमध्येच होतो. अखिल भारतीय संत समितीनेही न्यायालयात विरोध नोंदवला. जमीयत उलमा-ए-हिंदने इस्लामच्या भूमिकेतून तेच केले. एरवी एका मंडपात न बसणारी ही मंडळी या एका विषयावर शेजारी शेजारी उभी राहिली, हे त्या खटल्याचे एक वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

विवाह हा संस्कार आहे हे मला पूर्ण मान्य आहे. माझे स्वतःचे लग्न अंतरपाट धरून, होम पेटवून आणि सप्तपदी चालून झाले, आणि त्या सात पावलांना अर्थ आहे असे मी आजही मानते. परंतु याचिकाकर्त्यांनी सप्तपदी मागितलेली नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये सुनावणी सुरू झाली तेव्हाच न्यायालयाने स्पष्ट केले की, हिंदू विवाह कायदा किंवा अन्य कोणत्याही धर्माचा वैयक्तिक कायदा विचारात घेतला जाणार नाही आणि चर्चा १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरतीच राहील. आपल्याकडे ज्याला साध्या भाषेत रजिस्टर लग्न म्हणतात, तेच हे लग्न. त्यात तीस दिवसांची नोटीस असते, तीन साक्षीदार असतात आणि विवाह अधिकाऱ्यासमोर एकमेकांना पती आणि पत्नी म्हणून स्वीकारल्याचे एका वाक्याचे कथन असते. गोत्र विचारले जात नाही, अग्नी लागत नाही आणि देवाचे नावही घ्यावे लागत नाही. ज्या विधीत संस्कार कधीच नव्हता, तो विधी आणखी काही जणांना खुला झाल्याने संस्कार बिघडतो कसा, हे आपल्यापैकी कोणी समजावून सांगितलेले माझ्या ऐकण्यात नाही.

या कायद्याचा जन्मच मुळी धर्मगुरूंच्या आक्षेपातून वाट काढण्यासाठी झाला. ब्राह्मो समाजातील केशवचंद्र सेन यांच्या अनुयायांना आपले विवाह वैध ठरावेत असे वाटत होते. सर्वांसाठी खुल्या अशा नागरी विवाहाच्या मसुद्याला सनातन्यांनी विरोध केल्यावर सरकारने मधला मार्ग काढला आणि १८७२ च्या तिसऱ्या कायद्यात अट घातली की, या कायद्याखाली लग्न करणाऱ्याने आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैनही नाही, असे लिहून द्यावे. धर्म सोडल्याचे लिहून दिल्याशिवाय जातीबाहेर लग्न नाही, अशी ती स्थिती होती. हरिसिंह गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ साली हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती ती अट गेली आणि १९५४ च्या कायद्याने ती सर्वांसाठीच काढून टाकली. आज एखादा आस्तिक हिंदू सकाळी पूजा करून दुपारी रजिस्टर लग्न करू शकतो, आणि त्याचे हिंदुत्व काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मधल्या काळात, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेलांनी हिंदूंमधील आंतरजातीय विवाह वैध ठरवणारे विधेयक आणले, तेव्हा त्याविरुद्ध जे बोलले गेले ते आजच्या भाषणांशी ताडून पाहावे. विवाह हा संस्कार आहे, वर्णसंकराने कुळ बुडेल, सरकारने धर्मात हात घालू नये, हेच तेव्हाही म्हटले जात होते. शाहू महाराजांनी मात्र त्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९१९ साली कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा स्वतःचा कायदा केला. त्याआधी ओतूरच्या बाळाजी पाटलांनी सत्यशोधक पद्धतीने, भटजीविना, लग्ने लावली होती, तेव्हा जोशांनी आपला दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून दावा लावला आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. न बोलावलेल्या गावजोशालाही दक्षिणा देण्याचे बंधन मुंबई कायदेमंडळाने अखेर १९२६ साली कायदा करून संपवले. संस्काराच्या नावाखाली कधीकधी कशाचे रक्षण चाललेले असते, ते या खटल्यांच्या कागदांत दिसते.

मात्र प्रत्येक धार्मिक आक्षेपामागे स्वार्थच असतो, असे मी मानत नाही. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर विधवाविवाहाच्या शास्त्रीयतेवर जो वाद झाला, तो दोन्ही बाजूंनी ग्रंथ पुढे ठेवून झाला होता. विष्णुशास्त्री पंडितांचा सुधारक पक्ष त्यात हरला, असा निर्णय लागला. तो निर्णय देणाऱ्यांना प्रामाणिकपणे तसेच वाटत असणार. पण विधवाविवाहाचा कायदा त्याच्या चौदा वर्षे आधी, १८५६ सालीच, झालेला होता. त्या कायद्याने कोणत्याही शास्त्र्याला विधवेचे लग्न लावायला भाग पाडले नाही आणि एकाही विधवेला मनाविरुद्ध बोहल्यावर चढवले नाही. ज्यांना करायचे होते त्यांनी केले, ज्यांना मान्य नव्हते त्यांनी बहिष्कार घातला. शास्त्रार्थ हरला तरी कायदा उरला, आणि शास्त्रार्थ जिंकणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांतील किती घरांत विधवेचे दुसरे लग्न झाले असेल, ते आपण जाणता. आज कोणताही कीर्तनकार व्यासपीठावरून विधवाविवाहाला अधर्म म्हणणार नाही. म्हणाला, तर श्रोते उठून जातील.

हिंदू कोड बिलाच्या वेळी तर संस्काराचा मुद्दा सर्वाधिक जोराने मांडला गेला, आणि तर्कदृष्ट्या तेव्हा तो आजच्यापेक्षा बळकट होता. कारण तेव्हा सरकार खरोखरच धार्मिक विवाहाला हात घालत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मसुद्यात एकपत्नीत्वाची सक्ती होती आणि घटस्फोटाची तरतूद होती. करपात्री महाराजांसारख्या विद्वान संन्याशाने त्याविरुद्ध रान उठवले. अग्नीच्या साक्षीने जुळलेली गाठ न्यायाधीश सोडवू शकत नाही, असे म्हटले गेले. बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला आणि घटस्फोटासह हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. मुंबई इलाख्याने तर त्यापूर्वीच, १९४६ साली, हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली होती. ती बंदी धर्मस्वातंत्र्याविरुद्ध आहे असा दावा नरसू आप्पा माळी खटल्यात झाला, तेव्हा न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी १९५१ साली कायदा वैध ठरवला. श्रद्धा वेगळी आणि श्रद्धेच्या नावाने चालणारी प्रथा वेगळी, घटना पहिलीचे रक्षण करते, हा भेद न्या. छागलांनी त्या निकालात स्पष्ट शब्दांत केला. पुढे काय झाले? विवाहाचे मुहूर्त ओस पडले नाहीत. तुळशीचे लग्न झाले की आजही कार्यालये मिळत नाहीत. हिंदू विवाहाच्या आतच एवढा मोठा बदल होऊनही संस्कार टिकला असेल, तर हिंदू विवाहाला स्पर्शही न करणाऱ्या बदलाने तो कोसळेल, ही भीती मला पटत नाही.

कायद्याच्या बाजूने एक खरी अडचण आहे, तीही सांगितली पाहिजे, कारण समर्थकांच्या सभांमध्ये ती फारशी सांगितली जात नाही. विशेष विवाह कायद्यात वराचे वय एकवीस आणि वधूचे अठरा असे लिहिले आहे. निषिद्ध नात्यांच्या याद्या पुरुषासाठी वेगळ्या आणि स्त्रीसाठी वेगळ्या आहेत. वारसाहक्काच्या कलमांतून हा कायदा एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेशी आणि धर्मनिहाय कायद्यांशी जोडला गेलेला आहे. त्यामुळे ‘पती किंवा पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ एवढा शब्द घालून काम भागणार नाही. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्या. रवींद्र भट यांनी नेमके हेच कारण दिले. ते मला पटते. पण ते मसुदा लिहिणाऱ्यांच्या कौशल्याचे कारण आहे, धर्माचे नव्हे. विधि खात्यातले मसुदाकार याहून अवघड कलमे लिहीत आले आहेत.

आता शास्त्राविषयी. या वादात दोन्ही पक्षांनी ग्रंथांची जी ओढाताण केली आहे, ती पाहून माझ्यासारख्या सश्रद्ध माणसाला संकोच वाटतो. समर्थक शिखंडी, मोहिनी आणि खजुराहोचे दाखले देतात. संतांनी पुरुष असून विरहिणीच्या मुखाने विठ्ठलाला आळवले, हाही पुरावा म्हणून पुढे केला जातो. ज्ञानोबांच्या विराण्या जीव आणि शिव यांच्या भाषेत बोलतात. त्यांतून विवाहाच्या कायद्याचा आधार काढणे हा त्या विराण्यांवर अन्याय आहे. आपल्या बाजूचे काही वक्ते मात्र ही सगळी ‘पाश्चात्त्यांची विकृती’ असल्याचे सांगतात, तेही तितकेच निराधार आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी केलेला संग दोष मानला आहे, त्याची गणना जातिभ्रंशकर पापांतही केली आहे, म्हणजे तो प्रकार स्मृतिकारांना परिचित होता. त्याच अध्यायात त्यासाठी सांगितलेले प्रायश्चित्त सचैल स्नान, म्हणजे अंगावरच्या वस्त्रांसह स्नान, एवढे आहे. त्याच कृत्याला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली ती १८६० च्या दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाने, आणि ते कलम मेकॉलेच्या मसुद्याच्या परंपरेतून आले. सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. तेव्हा ज्या कठोरतेला आपण आपली परंपरा समजून कवटाळतो, तिचा बराचसा भाग इंग्रजी अमदानीचा आहे. सरसंघचालक मोहन भागवत यांनीही जानेवारी २०२३ मधील मुलाखतीत जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांच्यातील अशा नात्याचा उल्लेख करून, ही माणसे पूर्वीपासून समाजात आहेत आणि त्यांनाही जगण्याचा हक्क आहे, असे म्हटले होते. विवाहाला त्यांनी मान्यता दिलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘बाहेरून आलेले’ हा मुद्दा तरी त्यानंतर आपल्या व्यासपीठांवरून खाली उतरायला हवा होता.

यापुढचे जे लिहायचे आहे, त्यासाठीच खरे तर हे पत्र लिहायला घेतले.

कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमाखाली विवाह रद्दबातल ठरवण्याचे अर्ज येतात. संमती फसवणुकीने मिळवली, असे त्यांतल्या काहींचे कारण असते. अशा अर्जांपैकी काहींच्या मागे एकच गोष्ट असते. मुलाला स्त्रीविषयी ओढ नाही, हे त्याला ठाऊक असते, पुष्कळदा त्याच्या आईवडिलांनाही कळलेले असते, आणि तरीही लग्न लावून दिले जाते, कारण ‘लग्न झाले की सगळे सुरळीत होईल’ असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी, आणि काही वेळा कुटुंबाच्या गुरूंनी, सांगितलेले असते. मुलगी दुसऱ्या गावची असते, तिला काहीच सांगितलेले नसते. लग्नानंतर काही महिने ती स्वतःतच दोष शोधत राहते. फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि ते वर्ष बहुतेकदा माहेरच्या समजुतीतच निघून जाते. मग उरतो घटस्फोटाचा लांबचा रस्ता, आणि त्यात तिलाच विचारले जाणारे प्रश्न. मुलींच्या बाबतीतही हेच घडते. फरक इतकाच की, स्त्रीकडे ओढ असलेल्या मुलीला लग्नानंतर न्यायालयापर्यंत पोहोचण्याची सवडसुद्धा फार क्वचित मिळते.

ही लग्ने मांडवात लागतात, रजिस्टर कार्यालयात नव्हेत. पत्रिका जुळवलेली असते, मंगलाष्टके म्हटलेली असतात, आणि ‘धर्मे च अर्थे च कामे च नातिचरामि’ हे वचन वराकडून वदवून घेतलेले असते. ज्या वचनात ‘कामे च’ स्पष्टपणे आहे, ते वचन पाळता येणार नाही हे माहीत असलेल्या माणसाकडून अग्नीसमोर म्हणवून घेणे, याला धर्मशास्त्रात काय म्हणतात? ज्या मुलीचे दान म्हणून हात पुढे केला जातो, तिच्यापासून वराविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट लपवून झालेले कन्यादान विधिवत् ठरते का? संस्काराला धक्का लागण्याची जर आपल्याला काळजी असेल, तर तो येथे, आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच मंत्रांच्या साक्षीने लागतो आहे. आणि या विषयावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही. दोन पुरुषांनी तीस दिवसांची नोटीस देऊन सरकारी कागदावर सही करणे हा धर्मावरचा घाला, आणि एका अजाण मुलीला खोट्या वचनात बांधणे ही घरगुती बाब, हा उतरता क्रम कोणत्या स्मृतीतून आला, ते कृपा करून सांगावे.

आपल्यातील काही जणांना एक भीती प्रामाणिकपणे वाटते, तिची दखल घ्यायला हवी. कायदा झाला की उद्या आम्हालाच अशी लग्ने लावायला सांगितले जाईल, मठाचे किंवा चर्चचे सभागृह द्यावे लागेल, नाही म्हटले तर खटले होतील, असे आपण म्हणता. ही भीती निराधार ठरवण्याचे काम कायद्याचे आहे, आणि ते करता येते. इंग्लंडमध्ये २०१३ साली समलिंगी विवाहाचा कायदा झाला, तेव्हा कोणत्याही धर्मसंस्थेला किंवा धर्मगुरूला असा विवाह लावण्याची सक्ती करता येणार नाही, असे त्यातच लिहिले गेले. चर्च ऑफ इंग्लंडला तर कायद्यानेच त्यातून वगळले. ज्यांना इच्छा होती अशा क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती आणि उदारमतवादी ज्यू मंडळींनी ती परवानगी मागून घेतली. कॅनडाच्या २००५ च्या कायद्यातही धर्मगुरूंना नकार देण्याचे स्वातंत्र्य नमूद आहे. आपल्याकडे विधेयक येईल तेव्हा त्यात असे कलम असावे, अशी मागणी आपण करा. ती न्याय्य असेल आणि माझ्यासारखे अनेक वकील तिच्या बाजूने उभे राहतील. समर्थकांनीही ही मागणी प्रतिगामी म्हणून झटकून टाकू नये.

या भेदाचा अनुभव आपल्या शेजारीच आहे. गोव्यात सर्व धर्मीयांच्या विवाहाची नागरी नोंदणी पोर्तुगीज काळापासून चालत आली आहे. चर्चचा विधी चर्चच्या नियमांनी होतो, कायदेशीर परिणाम नोंदणीने ठरतात, आणि त्यामुळे कोणाच्या श्रद्धेला तडा गेल्याचे गोव्यात कोणी सांगत नाही. कॅथलिक धर्मगुरूंना हे अधिक सोपे वाटावे. व्हॅटिकनने डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना विवाहविधीहून वेगळा, साधा आशीर्वाद देण्यास परवानगी दिली आणि त्याच वेळी विवाहाविषयीची शिकवण जशीच्या तशी ठेवली. दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे त्या संस्थेनेच दाखवले. मौलाना साहेबांना एवढेच विनवायचे आहे की, निकाह हा इस्लामी कायद्यात करार आहे आणि त्याच्या अटी आपल्या आहेत. १९५४ च्या कायद्यात तो निकाह कधीच नव्हता. बौद्ध भिक्खूंनी थायलंडकडे पाहावे, जेथे बहुसंख्य जनता बौद्ध आहे आणि जानेवारी २०२५ पासून हा विवाह कायदेशीर आहे. हिंदुबहुल नेपाळमध्येही नोव्हेंबर २०२३ मध्ये लमजुंग जिल्ह्यात अशा एका विवाहाची नोंद झाली. पशुपतिनाथाच्या आरतीत त्यामुळे काही खंड पडला नाही.

सुप्रियो निकालाच्या वेळी केंद्र सरकारने दिलेल्या आश्वासनाप्रमाणे मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. त्यानंतर शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, त्यांना संयुक्त बँक खाते उघडता यावे आणि एकमेकांना नामनिर्देशित करता यावे, अशा सूचना निघाल्या. मूल मिळून दत्तक घेण्याचा मार्ग अजून बंद आहे. मृत्युपत्र केले नसेल तर जोडीदाराला वारसा मिळत नाही, आणि केले असेल तरी नातेवाईक त्यावर हरकत घेतात. पती-पत्नींनी एकमेकांना दिलेल्या भेटीवर प्राप्तिकर लागत नाही, ती सवलत अशा जोडीदारांना नाही, म्हणून एक जोडपे २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात गेले आहे.

या सूचनांपैकी एका सूचनेकडे मात्र आपण विशेष लक्ष द्यावे, कारण ती आपल्या अधिकारातल्या एका संस्काराशी जोडलेली आहे. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवले आहे. ‘नातेवाईक उपलब्ध नसतील तर’, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे वीस-पंचवीस वर्षे ज्याने संबंध तोडून टाकले होते तो भाऊ ऐनवेळी आला, तर आजारपणात उशाशी बसलेल्या माणसाचा अधिकार संपला. त्यानंतर अग्नी कोणी द्यायचा, दहाव्याला कोणी उभे राहायचे, पिंडाला कावळा शिवावा म्हणून कोणी हात जोडायचे, हे कोणताही शासन निर्णय ठरवत नाही. ते भटजी, गावकरी आणि आपण ठरवता. पुत्र नसेल तर कन्येने, शिष्याने, मित्रानेही अंत्येष्टी केल्याची उदाहरणे आपल्या परंपरेत आहेत आणि आज मुली सर्रास अग्नी देतात. येथे कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्या एका शब्दाने हे उद्यापासून होऊ शकते.

माझ्या विनंत्या मर्यादित आहेत. समलिंगी व्यक्तींवरचे ते ठरलेले विनोद, ज्यांवर कीर्तनात हशा पिकतो आणि ज्यांच्या चित्रफिती नंतर यूट्यूबवर फिरत राहतात, ते थांबवावेत. त्या गर्दीत असा एखादा मुलगा आपल्या आईच्या शेजारी बसून हसण्याचे नाटक करत असतो. लग्न हा उपाय आहे असे कोणत्याही आईबापाला सांगू नये, आणि कोणी सल्ला मागायला आले तर समोरच्या घरातील मुलीची बाजू आधी विचारावी. आपल्या संप्रदायात असा विवाह लावणार नाही, असे म्हणण्याचा आपला अधिकार अबाधित आहे आणि तो तसा स्पष्ट म्हणावा. पण त्याच श्वासात हेही म्हणावे की, विशेष विवाह कायदा हा आमचा प्रांत नव्हे.

हे शेवटचे वाक्य आपल्याकडून येणे का आवश्यक आहे, तेही लिहिते. सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीच्या वेळी केंद्राने राज्यांची मते मागवली होती. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध कळवला. महाराष्ट्राने विरोधही कळवला नाही आणि पाठिंबाही दिला नाही. आणखी वेळ मागितला. त्या मागितलेल्या वेळात राज्य सरकारने कोणाशी चर्चा केली, ते जाहीर झालेले नाही. पण हा प्रश्न पुन्हा राज्याकडे येईल तेव्हा मंत्रालयातून आपल्या मठांना, ट्रस्टांना आणि संघटनांना अभिप्रायासाठी पत्रे जातील, हे नक्की. ते पत्र आले की उत्तर लिहिण्याआधी १९५४ चा कायदा एकदा मुळातून वाचावा, आणि आपल्या भागातील कौटुंबिक न्यायालयात एक दिवस येऊन बाराव्या कलमाखालचे अर्ज घेऊन आलेल्या मुलींना, त्यांची हरकत नसेल तर, भेटावे. आपण येणार असाल तर वकील संघाच्या खोलीत बसण्याची व्यवस्था मी करीन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
कौटुंबिक न्यायालयात वकिली करणारी एक वारकरी,
कोल्हापूर